तलावांची रोवणी

नागपूरच्या आग्नेयेस सुमारे 40 किलोमीटरांवर असलेले कुही हे तालुक्याचे गाव दोन प्रकारच्या भूमींच्या सांध्यावर वसले आहे. पश्चिमेकडून आलेली कापसाची व ज्वारीची काळी जमीन येथवर येता येता विरळ होते. आणि येथून पूर्वेस, वैनगंगेच्या रोखाने, अतिप्राचीन कणखर खडकांवरची तांबूस-पिवळी माती लागते, जिच्यात धानाइतके दुसरे कोणतेही पीक रमत नाही. पुराणवस्तूंच्या शोधकांस हा तालुका चांगलाच परिचित आहे. मांढळ येथे वाकाटकांचे ताम्रपट व मूर्ती सापडल्या. अडम येथे भारतीय पुरातत्त्व खात्याने 1988 नंतर केलेल्या उत्खननात तटबंदी व खंदक असलेले एक प्राचीन नगर उजेडात आले, आणि ‘असक’ जनपदाचे नाव असलेली मृण्मुद्रा हाती लागली. आंभोरा येथे वैनगंगा, कन्हान, आंब, मुरझा व कोलारी ह्या पाच नद्यांचा मेळ आहे. मुकुंदराजांचा ‘विवेकसिंधु’ तेथेच रचला गेला, अशी ह्या भागातील जुनी श्रद्धा आहे. परंतु ज्या इतिहासाचे वर्णन येथे करावयाचे आहे, तो ताम्रपटांवर कोरलेला नाही. तो मातीच्या पाळींवर, चिखलात आणि पाण्याखाली उगवणाऱ्या वनस्पतींच्या मुळांत आहे. आणि त्याचे सर्वांत अलीकडचे प्रकरण अजून लिहून संपलेले नाही.

हा सर्व प्रदेश तलावांचा आहे. भंडारा व गोंदिया हे तर तलावांचे जिल्हे म्हणूनच प्रसिद्ध. चंद्रपूर, गडचिरोली आणि नागपूर जिल्ह्याचा पूर्वभाग हेही त्याच वर्गातले. पाऊस येथे वर्षाकाठी 45 ते 50 इंच पडतो, म्हणजे पुण्या-नगरकडील शेतकऱ्यास हेवा वाटावा इतका. पण तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत येतो आणि खडकाळ उतारावरून धावत वैनगंगेस मिळतो. धानाच्या रोवणीस पाणी लागते त्याहूनही ते आश्विनात, लोंबीत दाणा भरताना लागते. हस्त आणि चित्रा कोरड्या गेल्या की डोळ्यांदेखत उभे पीक पळंज होते. तेव्हा पावसाळ्याचे पाणी दीड-दोन महिने धरून ठेवणे हा येथील शेतीचा पहिला प्रश्न, आणि दोन टेकड्यांमधील उतारावर मातीची पाळ घालून त्यामागे पाणी अडविणे हे त्याचे उत्तर.

हे उत्तर अंमलात आणणारे मुख्यतः कोहळी लोक. रसेल व हिरालाल ह्यांनी मध्यप्रांतातील जातिजमातींविषयी 1916 साली जो चार खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात ह्या लोकांच्या तलाव बांधण्याच्या कौशल्याची आणि उसाच्या शेतीची आवर्जून दखल घेतली आहे. चांद्याचा कोणी गोंड राजा काशीयात्रेस गेला असता त्यांना सोबत घेऊन आला, ही त्यांची दंतकथाही त्यात नमूद आहे. दंतकथेचा खरेखोटेपणा बाजूस ठेवला, तरी गोंड राजवटीचे धोरण स्पष्ट दिसते. चांद्याच्या हिरशहाविषयी अशी परंपरा आहे की, जो रान तोडून गाव वसवील त्यास ते गाव, आणि जो तलाव बांधील त्यास त्या तलावाच्या पाण्याने भिजेल तेवढी जमीन मिळेल, असे त्याने जाहीर केले होते. खजिन्यातून दमडी न काढता हजारो तलाव उभे राहिले ते अशा उत्तेजनामुळे. नवेगावचा विशाल बांध ज्याने घातला असे मानतात, तो कोलू पाटील कोहळी पुढे ‘कोलासूर’ म्हणून देवपदास पोचला आणि त्याचे ठाणे तलावाकाठच्या डोंगरावर आहे. स्थापत्यविशारदास देव मानणारा समाज जगात विरळाच म्हणावा लागेल!

तलाव म्हणजे केवळ साठलेले पाणी, ही समजूत शहरातील नळाच्या टाकीवरून झालेली आहे. ह्या तलावांची रचना पाहिली म्हणजे ती किती अपुरी आहे हे कळते. पाळीच्या बाजूस पाणी खोल असते; तेथून वरच्या अंगास ते हळूहळू उथळ होत जाऊन शेवटी ओल्या चिखलात व मग गवताळ माळात विलीन होते. ह्या सावकाश उतारावर वनस्पतींचे थर लागलेले असतात. खोल भागात हायड्रिला, व्हॅलिस्नेरिया यांसारख्या सदैव बुडून राहणाऱ्या वनस्पती. त्यांच्या अलीकडे कमळ, कुमुद व इतर तरंगत्या पानांच्या वेली, ज्यांची मुळे तळात व पाने पृष्ठावर. त्याहून अलीकडे लव्हाळ्याच्या जातीची कंद धरणारी गवते. आणि अगदी काठास देवधान, म्हणजे आपल्या धानाचा रानटी भाऊबंद. पाळीवर कहू, जांभूळ, मोह. उन्हाळ्यात पाणी उतरू लागले की उघड्या पडलेल्या तळात गाळपेर होई, म्हणजे गाळाच्या ओलीवर भाजीपाला व धान्य पिके. आणि खाली धानाच्या बांध्यांत त्याच ओलीवर लाखोळी.

ह्या प्रत्येक थराचे काम निराळे होते. बुडालेल्या वनस्पती पाण्यात प्राणवायू सोडीत व मासळीच्या अंड्यांना आधार देत. तरंगती पाने वैशाखातील ऊन झेलीत व लाटांचा मार मोडीत, त्यामुळे मातीची पाळ झिजत नसे. मरळ मासा अशा गचपणातच आपले घरटे करतो व नर-मादी मिळून पिलांची राखण करतात. पहिल्या पावसात ओहोळ भरले की कितीतरी जातींचे मासे प्रवाहाविरुद्ध वर चढून बांध्यांच्या उथळ पाण्यात अंडी घालतात. चढणीची मासळी ती हीच. कंदांवर सारसासारखे मोठे पक्षी जगत. थोडक्यात, गावास धान देणारा तलाव आणि मासळी, कमळकाकडी, शिंगाडे, चारा, औषधी देणारा तलाव हे एकच होते. व दुसऱ्याच्या आरोग्यावर पहिल्याचे आयुष्य पुष्कळसे अवलंबून होते.

ह्या दुसऱ्या तलावाचे जाणकार कोहळी नव्हते. ते होते ढीवर. पाळ बांधावी कोहळ्याने आणि पाण्यात उतरावे ढीवराने, अशी ती जुनी वाटणी. कोणता मासा कोणत्या वनस्पतीच्या आडोशाने राहतो, कोणत्या नक्षत्रात चढतो, कोणती वनस्पती गाईस चालते व कोणती जाळे अडकवते, ही विद्या ह्या समाजात बापाकडून मुलाकडे आणि, हे विशेष सांगितले पाहिजे, आईकडून मुलीकडे येत असे. कारण काठावरील लहान मासळी धरणे व बाजारात नेऊन विकणे हे काम बहुतांशी स्त्रियांचे. ह्या ज्ञानास कोणी विद्या म्हणत नसे. ज्यांच्यापाशी ते होते त्यांच्यापाशी जमीन नव्हती, तलाव नव्हता, आणि मालगुजाराच्या ओसरीवर बसण्याचा मानही नव्हता.

तेव्हा त्या काळाचे सोनेरी चित्र रंगविण्यात अर्थ नाही. इंग्रजी अमदानीत 1860 नंतरच्या दशकातील जमाबंदीने मालगुजारास गावाचा मालक ठरविले आणि तलावही त्याच्या मालकीत गेले. उन्हाळ्यात गाळ काढणे, पाळीस माती घालणे, मोरी साफ करणे ही कामे होत, परंतु त्यांतील पुष्कळशी वेठीने होत. गावकऱ्यांचे जे वहिवाटीचे हक्क, म्हणजे गुरांस पाणी, घरखर्चास माती व लाकूड, शेतास ठराविक पाणी, ते ‘वाजिब-उल-अर्ज’ नामक दप्तरात नोंदलेले असत. त्यांनाच ह्या भागात ‘निस्तार’ म्हणतात. व्यवस्था विषम होती, पण व्यवस्था होती: पाळ फुटली तर कोणाच्या दारी जावयाचे, हे लहान पोरासही ठाऊक असे.

स्वातंत्र्यानंतर मध्यप्रदेश सरकारने 1950 साली मालकी हक्क निर्मूलनाचा कायदा केला आणि 31 मार्च 1951 पासून मालगुजारी संपुष्टात आली. न्यायाच्या दृष्टीने हे पाऊल योग्यच होते. त्याविषयी आज कोणी दुमत दाखवील असे वाटत नाही. परंतु कायदा करणाऱ्यांच्या दृष्टीसमोर जमीन होती, तलाव होते ते जमिनीला जोडून आलेले सामान म्हणून. मालक गेला, तलाव सरकारजमा झाले, आणि त्यांना ‘माजी मालगुजारी तलाव’ असे लांबलचक नाव मिळाले, ज्याचे लोकांनी लवकरच ‘मामा तलाव’ करून टाकले. 1956 साली हा प्रदेश मुंबई राज्यात, 1960 साली महाराष्ट्रात आला. 1962 साली जिल्हा परिषदा स्थापन झाल्या व शंभर हेक्टरांपर्यंत भिजविणारे तलाव त्यांच्याकडे सोपविले गेले. असे तलाव पूर्व विदर्भात 6,800 च्या आसपास मोजले जातात. निस्ताराच्या हक्काने ज्यांना पाणी मोफत होते, त्यांच्याकडून पट्टी घेणे अवघड. आणि पट्टी नाही म्हणून दुरुस्तीस पैसा नाही. ह्या पेचात वर्षे गेली. गाळ साठत राहिला. आतील उथळ भाग कोणी हळूच बांध घालून शेतात ओढून घेतला. ज्या तलावाची कागदोपत्री मालकी सर्वांची झाली, त्याची चिंता करणे हे काम मात्र कोणाच्याच नावावर चढले नाही.

ह्याच सुमारास पाण्याच्या आतही एक क्रांती होत होती, आणि तिची हकीगत तलावांच्या इतिहासकारांनीही फारशी सांगितलेली नाही. 1957 साली ओरिसातील कटक येथे हिरालाल चौधुरी ह्या शास्त्रज्ञाने मस्तिष्कग्रंथीच्या अर्काचे टोचण देऊन कटला-रोहूच्या वर्गातील माशांचे कृत्रिम प्रजनन यशस्वी केले. देशाच्या अन्नसमस्येवर हा मोठाच उपाय होता, व त्याचे श्रेय कमी लेखण्याचे कारण नाही. दोनच वर्षांनी, 1959 साली, परदेशातून गवत्या मासा, म्हणजे ग्रास कार्प, आणि रुपेरी कार्प आणले गेले. पुढे गावोगावच्या तलावांत मत्स्यबीज सोडण्याचा प्रघात पडला. आता येथील मेख पाहावी. रोहू, कटला, मृगळ हे वाहत्या नद्यांचे मासे. साचलेल्या तलावात ते वाढतात, पण वितात मात्र क्वचितच. म्हणून दर पावसाळ्यात बीज विकत आणणे आले, त्यासाठी कर्ज आले, ठेका आला, ठेकेदारही आला. गवत्या मासा तर पाण्यातील वनस्पतींवरच पोसतो. जी झुडपे स्थानिक मासळीचे सूतिकागृह होती, ती त्याने फस्त केली. ज्यांचे बीज विकत घ्यावे लागत नव्हते ते मासे गेले, आणि विकत घ्यावे लागणारे राहिले. हा व्यवहार कोणत्याही गृहिणीस एका वाक्यात कळण्यासारखा आहे.

काठाची रिकामी झालेली जागा बेशरमाने घेतली. ही वनस्पती मूळ अमेरिका खंडातील उष्ण प्रदेशातली. जांभळट फुले, पोकळ कांडे, दुधाळ चीक. गुरे तिला तोंड लावीत नाहीत, म्हणून कुंपणासाठी तिचे कौतुक झाले. तोडलेले कांडे चिखलात पडले की तेथे मूळ धरते; तिचे नाव वैदर्भी लोकांनी किती विचारपूर्वक ठेवले आहे! ज्या उथळ उतारावर देवधान व कंदगवते असत, तेथे बेशरमाच्या भिंती उभ्या राहिल्या. चढणीच्या मासळीची वाट त्यांनी अडविली. पक्ष्यांस उतरावयास जागा राहिली नाही.

ह्या अवस्थेतून काही तलाव बाहेर काढण्याचा जो उद्योग वैनगंगेपलीकडे, मुख्यतः गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात सुरू झाला, तो ह्या लेखाचा खरा विषय होय. ‘भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ’ ह्या संस्थेने, मनीष राजनकर ह्यांच्या पुढाकाराने, आधी तलाव दुरुस्त करावयास घेतले नाहीत. आधी ती ढीवरांजवळ जाऊन बसली. पतिराम तुमसरे ह्यांच्यासारख्या जाणत्या मच्छीमाराकडून माशांची नावे, त्यांचे ऋतू, त्यांना हवी असणारी झुडपे ह्यांची नोंद झाली. ज्ञान लेखणीपाशी येण्याऐवजी लेखणी ज्ञानापाशी गेली, आणि पुढील यशाचे मर्म त्यातच आहे असे मानावयास हरकत नाही. नवेगावच्या परिसरात ह्या प्रकारच्या कामास एक पूर्वपरंपराही होती: वनाधिकारी मारुती चितमपल्ली ह्यांनी तेथील वास्तव्यात पक्षी, मासे व झाडे ह्यांची लोकांच्या तोंडची नावे मोठ्या आस्थेने गोळा केली होती.

काम कसे चालते, ते सविस्तर पाहण्यासारखे आहे. उन्हाळ्यात पाणी उतरले म्हणजे प्रथम बेशरम काढावयाचे. कोयत्याने छाटून भागत नाही, मुळासकट उपटावे लागते व वाळवून नाहीसे करावे लागते. एकही ओले कांडे चिखलात राहिले तर पुढील वर्षी पुन्हा तेच. काही ठिकाणी हे काम रोजगार हमीच्या योजनेत बसवून घेण्यात आले, काही ठिकाणी ढीवर सोसायटीच्या सभासदांनी श्रमदान केले. नंतर तळाचा निवडलेला भाग नांगरावयाचा. तळ नांगरणे हे ऐकून शहरी मनुष्य चकित होईल. परंतु गुरांच्या पायांनी व उन्हाने दगडासारख्या झालेल्या गाळात कोवळे मूळ शिरावे कसे? पाऊस सुरू होऊन पाणी चढू लागले की रोवणी. जेथे जुन्या वनस्पती अद्याप टिकून आहेत अशा तलावांतून कंद, कांडी व रोपे आणावयाची, आणि प्रत्येकीस तिच्या खोलीवर बसवावयाचे: हायड्रिलाच्या जातीच्या आत, कुमुदाच्या वर्गातील मध्ये, कंदगवते काठाशी. धानाचे पऱ्हे रोवण्याचा जन्मभराचा सराव असलेल्या बायकांना हे काम शिकवावे लागले नाही. कंबरेपर्यंत पाण्यात उभे राहून पायाच्या अंगठ्याने तळ चाचपणे आणि कंद बेताने दाबणे, ही त्यांच्या रोजच्या कामाचीच पुढची पायरी होती. लावलेल्या भागास जाळी अथवा काड्यांचे कुंपण घालावयाचे, म्हणजे गुरे व मोठे मासे आत शिरत नाहीत. आणि तेथे मासेमारी बंद ठेवावयाची, असा ठराव करावयाचा.

तो ठराव हाच सर्वांत कठीण भाग. रोप लावणे एका दिवसाचे. पण गवत्या मासा सोडावयाचा नाही, विणीच्या काळात जाळे टाकावयाचे नाही, आतील बाजूस नवा बांध घालू द्यावयाचा नाही, ह्या गोष्टी वर्षानुवर्षे पाळाव्या लागतात. पाणी हवे असणारा शेतकरी व पाणी राहावे असे वाटणारा ढीवर ह्यांचे हितसंबंध एक नसतात. फाल्गुनात उन्हाळी धानासाठी मोरी उघडली की खाली मासळी तडफडते. मंडळाच्या कार्यकर्त्यांस व गावातील महिला मंडळांस ग्रामसभेत हे भांडण उघडपणे मांडावे लागले. ढीवर समाजातील ज्या स्त्रिया पूर्वी सभेस येतच नसत, त्या येऊ लागल्या व बोलू लागल्या, हा ह्या उद्योगाचा एक अनपेक्षित लाभ. जेथे रोवणी तगली तेथे लहान देशी मासळी पुन्हा दिसू लागली, पाणकोंबड्या व बदके उतरू लागली. त्याच जिल्ह्यात ‘सेवा’ ह्या संस्थेचे स्वयंसेवक सारसांच्या घरट्यांची राखण शेतकऱ्यांच्या सहकार्याने करीत आले आहेत; सारसाचे आवडते खाद्य म्हणजे कंदगवते जर तलावात नसतील तर घरटे राखून काय उपयोग, हा संबंध सहज लक्षात येईल.

सरकारदरबारी ह्याची दखल अगदीच घेतली गेली नाही असे नाही. महाराष्ट्र जनुक कोशाच्या प्रकल्पात स्थानिक पिके, गुरे, वने ह्यांच्याबरोबर गोड्या पाण्यातील जैवविविधतेचाही समावेश झाला, आणि एप्रिल 2022 मध्ये मंत्रिमंडळाने पुढील पाच वर्षांसाठी त्यास 172 कोटींवर रुपये मंजूर केले. पण दुसरीकडे तलाव ‘खोल’ करण्याचा उत्साहही मोठा आहे. 2017 सालच्या गाळमुक्त धरणाच्या योजनेपासून यंत्राने गाळ उपसण्यास वेग आला. गाळ काढलाच पाहिजे, पूर्वजही काढीत. फरक इतकाच की, मजुरांच्या टोपल्यांनी काढलेला गाळ वर्षास थोडा थोडा निघे व उतार तसाच राही, आणि यंत्र मात्र तलावाची हंडी करून टाकते: सरळ उभा काठ, सपाट तळ. अशा हंडीत पाणी अधिक मावते हे खरे, परंतु गाळाबरोबर शतकांचे बी व कंदही ट्रकात बसून शेतात जातात आणि उथळ काठाची जागाच उरत नाही. हिशेब घनमीटरांत मांडला की ह्या नुकसानीस रकाना नसतो. वृक्षारोपणाच्या मोहिमांचेही तसेच. 2019 च्या पावसाळ्यात राज्याने 33 कोटी रोपांचा संकल्प सोडला होता. पाण्याखाली लावलेले कंद अशा मोजणीत कधीच येणार नाहीत, कारण ते उद्घाटनाच्या छायाचित्रात दिसत नाहीत.

ह्याहून खोल प्रश्न हक्काचा आहे. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा गावास 2009 साली सामूहिक वनहक्क मिळाला आणि त्याने देशास एक धडा घालून दिला. ज्या 2006 च्या कायद्याने तो मिळाला, त्यात जलाशयांतील मासळी व इतर उत्पन्नावरील सामूहिक हक्कही मान्य केलेला आहे. पण तो वनभूमीपुरता. मामा तलाव बहुतेक ठिकाणी वनभूमीत येत नाहीत. तेथे ढीवरांची सोसायटी असते ती ठराविक मुदतीची ठेकेदार. ठेका वेळेवर नूतन झाला नाही, अथवा लिलावात दुसऱ्याने अधिक बोली दिली, तर कंद रोवणाऱ्याचे कष्ट आणि उत्पन्न घेणारा हात वेगळे होतात. मालगुजाराच्या काळी ढीवर जसा दुसऱ्याच्या पाण्यात उतरत असे, तसाच आजही उतरतो. मालक मात्र बदलला आहे. निस्तार हक्कांची नोंद ठेवण्याची तरतूद 1966 च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेतही कायम आहे. तलावाची राखण करणाऱ्याचा हक्क त्या जुन्या दप्तराच्या आधारे नव्याने लिहिता येईल काय, ह्याचा विचार कायदेपंडितांनी करावा. समुद्रापलीकडे लंकेत तलावांच्या साखळ्या अशाच प्राचीन आहेत. तेथे तलावाच्या वरच्या अंगास व पाळीखाली झाडांचे पट्टे गावाने राखावयाचे असतात आणि त्या पट्ट्यांस स्वतंत्र नावे आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेने त्या पद्धतीस जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. वैनगंगेच्या तलावांची योग्यता तिच्याहून कमी आहे असे म्हणावयास आधार नाही.

आता पुन्हा अलीकडच्या तीरावर यावयाचे, तर कुही तालुक्याची स्थिती अधिक गुंतागुंतीची आहे. 22 एप्रिल 1988 रोजी वैनगंगेवर गोसीखुर्द धरणाची कोनशिला बसली. पुढे जसजसे पाणी चढत गेले तसतशी कुही, भिवापूर, पवनी, भंडारा ह्या तालुक्यांतील नदीकाठची गावे उठली. जे एके काळी पाच नद्यांचे पात्र होते, ते आंभोऱ्यास आज अथांग जलाशयासारखे दिसते, व 2024 च्या आरंभी खुल्या झालेल्या नव्या पुलावरून ते पाहण्यास नागपूरकरांची गर्दी होते. दृश्य रमणीय आहे. परंतु अशा जलाशयाची पातळी धरणाच्या दारांवर ठरते, ऋतूंवर नव्हे. आज चढलेले पाणी उद्या उतरते, त्यामुळे काठाच्या वनस्पतींस मूळ धरावयास सवड मिळत नाही. शिवाय नागपूर शहराचे सांडपाणी वाहणारी नाग नदी ह्याच तालुक्यातून जाऊन कन्हानेस मिळते, आणि कन्हान वैनगंगेस. शहरातील मोरीतून जे निघते ते कुहीच्या ढीवराच्या जाळ्यापर्यंत पोचते. अशा खतावलेल्या पाण्यात जलपर्णी माजते. बेशरमाप्रमाणेच तीही दक्षिण अमेरिकेची पाहुणी.

मोठ्या पाण्यावर गावाचा ताबा नाही. लहान पाण्यावर काहीसा अजून आहे. कुही, भिवापूर व उमरेड ह्या तालुक्यांत जुन्या बोड्या व मामा तलाव अद्याप शिल्लक आहेत. ह्याच तालुक्यांचे रान 2012 साली घोषित झालेल्या उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात येते, आणि त्या रानातील चितळ, गवा व वाघ ह्यांनाही उन्हाळ्यात पाणी लागतेच. अशा बोडीतील बेशरम काढून तिचा काठ पुन्हा रोवावयाचा, तर लागणारी सामग्री फार नाही: पाणी उतरलेला एक वैशाख, पाच-पंचवीस हात, ग्रामसभेचा एक ठराव आणि रोवणीस कंद. जवळच्या तलावांतून ते नाहीसे झाले असतील तर वैनगंगेपलीकडून आणता येतील. अर्जुनी मोरगावाहून कुहीस येण्यास एक दिवस पुरतो, आणि ओल्या गोणपाटात गुंडाळलेला कंद तेवढा प्रवास सहज सोसतो.